मेपलला युरिया मीच घातला

सूनबाई राजलक्ष्मी,

मेपलची कुंडी जागेवर दिसली नाही म्हणून शेजारी चौकशी करू नकोस. एवढं ओझं उचलणारा चोर आपल्या गल्लीत नाही. रावजीच्या टेम्पोत घालून इंदापूरच्या नर्सरीत मीच नेतोय.

काल करपलेली पानं बघून तू म्हणालीस, "मी चार दिवस बावड्याला आईकडं गेले, म्हणून ह्यांनी लावलेलं झाड गेलं." मी मान खाली घालून भाकरी खात राहिलो. खरं असं आहे, की तू गेल्यावर रावजी म्हणाला, "आबा, उसाला काय अन् ह्याला काय, पाला त्यो पालाच. दोन मुठी युरिया टाका की." मी टाकला. वर उसासारखं पाणीही तुंबवलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या.

नखानं साल खरवडून पाहिली, आत अजून हिरवी आहे. नर्सरीवाला मुळं धुऊन नवी माती देणार आहे. झाड वाचेल याची हमी मात्र तो देत नाही.

दूध तापवलंय. माझी भाकरी टाकू नकोस. रागानं टाकणारच नसशील, तर आयतंच झालं.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. आपला अविराज गेला तेव्हाही तू बावड्यालाच होतीस. त्यातही तुझा काही दोष नव्हता. हे मी दोन वर्षांपूर्वीच तुला सांगायला हवं होतं.

आबा