सदतीस बायका हरवलेल्या नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
'सशक्त माता' साप्ताहिक गोळी अभ्यास प्रकल्प,
तालुका कक्ष, मुरबाड, जि. ठाणे.

अर्जदार : भगीरथ बाळ्या हिलम, वय २४, रा. टोकावड्याच्या वरची वाडी.

विषय : फेटाळलेला अर्ज प्रथमच सादर करण्याबाबत.

संदर्भ : १) आपला अंतिम अहवाल, पान ११, चौकट क्र. ४.
२) डॉ. सारिका भोईर, शहापूर यांची आपणास गेलेली तीन पत्रे.
३) त्यांना आपण दिलेले लेखी उत्तर (दिलेले नाही).

महोदय,

१. अर्जदार सर्वप्रथम नम्रपणे कळवितो की, त्याचा हा अर्ज दि. ७ जुलै रोजी फेटाळण्यात आला आहे. अर्ज दि. ९ जुलै रोजी लिहिला आहे. अर्ज कुठे द्यायचा हे विचारायला अर्जदार आपल्या कार्यालयात आला असता, आवक टेबलावरील साईनाथभाऊंनी "लिहून आण रे, शिक्का मारून देतो. पण सायबांनी नाय म्हणून ठेवलंय," असे प्रामाणिकपणे सांगितले. कागदाआधी निकाल लागण्याचा हा वेग तालुक्यात इतरत्र आढळत नाही, त्याबद्दल अभिनंदन. तथापि असे काही घडलेच नाही, असे समजून अर्जदार पुढे लिहितो. आपणही तसेच समजून वाचावे.

२. अर्जदार डॉ. सारिका भोईर यांच्याकडे कामाला आहे. डॉक्टरबाई सुई टोचत नाहीत, नाडी पाहत नाहीत. एखाद्या औषधावर जेवढे अभ्यास झाले तेवढे सगळे गोळा करायचे, प्रत्येक अहवाल ठरलेल्या यादीवर घासून पाहायचा आणि मग औषध खरोखर लागू पडते का ते सांगायचे, असे त्यांचे काम आहे. यास पद्धतशीर आढावा म्हणतात. अर्जदाराच्या आईच्या मते यास दुसऱ्याच्या वह्या तपासणे म्हणतात. रक्तवाढीच्या आपल्या गोळीवर एकूण नऊ अभ्यास सापडले. आठ दूरदूरचे. नववा आपला, आणि तो अर्जदाराच्याच वाडीत व शेजारच्या दोन वाड्यांत झालेला.

३. आपल्या अहवालानुसार एकशेवीस बायकांना गोळी सुरू केली, त्र्याऐंशींनी पूर्ण केली, त्र्याऐंशींचे रक्त वाढले आणि 'कोणतीही तक्रार आढळली नाही'. उरलेल्या सदतीस चौकट क्र. ४ मध्ये आहेत. तेथे लिहिले आहे : 'पाठपुराव्यात हरवल्या. कारण : स्थलांतर.' याच अहवालाच्या जोरावर १५ ऑगस्टपासून ही गोळी तालुक्यातील सर्व वाड्यांत सुरू होणार असल्याचा फलक आपल्या दारावर लागलेला आहे.

४. डॉक्टरबाईंच्या यादीत किती आले, किती गेले आणि का गेले, असा रकाना आहे. 'का' कोरा असला की त्यांचे पेन थांबते. त्यांनी अर्जदारास समजावले ते असे : "पंगतीला एकशेवीस पानं मांडली. सदतीस जणी मधूनच उठून गेल्या. यजमान उरलेल्यांना विचारतो आणि सांगतो, जेवण सगळ्यांना मानवलं. भगीरथ, तू जेवशील का तिथं?" अर्जदार फुकट असेल तर कुठेही जेवतो, पण त्याने मान हलविली. तीन पत्रे गेली. तिसऱ्यानंतर आपण फोनवर "मॅडम, तुमची यादी परदेशी आहे, आपल्याकडे चालत नाही," असे फर्माविलेत. अर्जदाराने याबाबत चौकशी केली असता सदतीस हा आकडा परदेशातही सदतीसच भरतो असे समजले.

५. सबब अर्जदार दि. २८ व २९ जून रोजी सदर हरवलेल्या महिलांना शोधण्यास निघाला. एक शेअर जीप, बाकी चालत. लावणीची कामे चालू असल्याने पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत एकोणीस जणी एकाच खाचरात वाकलेल्या सापडल्या. हरवल्याचे त्यांना कळविले असता बराच वेळ लावणी थांबली. त्यातील चिमा वाघे या अर्जदाराच्या आत्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी हरवलंय? आन तुज्या बापाला शेरडू मागायला दर महिन्याला बरी सापडतंय!"

६. दोन दिवसांत छत्तीस जणी भेटल्या. तपशील असा. पाच जणींनी गोळ्या वीटभट्टीवर सोबत नेल्या आणि शेवटपर्यंत घेतल्या. त्यांनी तर अभ्यास पूर्ण केला आहे, फक्त अभ्यासाला ते माहीत नाही. कोण कोणत्या भट्टीवर गेले हे मुकादमाच्या वहीत नावानिशी असते, ती वही आपल्या कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा पिते. एकीने भरलेले पाकीट सांभाळून ठेवले होते, ते तिने अर्जदाराच्या हवाली केले. एकीने, म्हणजे सावळी हिलम यांनी, सर्व गोळ्या कोंबड्याला घातल्या. कोंबडा तेजस्वी झाला होता असे त्यांचे म्हणणे आहे. तो कुठे आहे असे विचारले असता "खाल्ला" असे उत्तर मिळाले. म्हणजे तोही पाठपुराव्यात हरवला. कारण मात्र स्थलांतर नव्हे.

७. उरलेल्या एकोणतीस. या बायकांनी गोळी दिवाळीच्या आधीच सोडली, कारण गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येई. "बांधावर चालताना भुई फिरं," असे चिमाआत्या सांगतात. त्यांनी हे गोळी वाटणाऱ्या ताईंना तेव्हाच सांगितले होते. ताई म्हणाल्या, "माझ्या फॉर्मात चक्करीला घर नाय गो, कुठं लिहू?" दिवाळी झाल्यावर बायका नेहमीप्रमाणे भट्टीला गेल्या. आपले लोक जानेवारीत आले, कुलपे पाहिली आणि लिहिले, स्थलांतर. महोदय, आधी गोळी सुटली, मग वाडी सुटली. आपल्या अहवालात हा क्रम उलटा आहे. एवढ्या एका उलट्या क्रमावर अख्खा तालुका गोळी गिळणार आहे. अर्जदार हसतमुख स्वभावाचा म्हणून ओळखला जातो, तरी हे लिहिताना तो हसत नाही याची नोंद व्हावी.

८. सदतिसावी गिरजा कोंडू मुकणे. चार गोळ्या घेतल्या. पाचव्या आठवड्यात विहिरीच्या पायऱ्यांवर भोवळ येऊन पडली, तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हा दिवाळीला सोळा दिवस बाकी होते. म्हणजे तिने कोणतेही स्थलांतर केलेले नाही. चौकट क्र. ४ विषयी तिच्या नवऱ्याला सांगणे अर्जदारास भाग पडले. कोंडू म्हणाले, "हरवंल कशी रं? मीच तर पोचवली तिला." ती गोळीने गेली असे अर्जदार म्हणत नाही. डॉक्टरबाईही म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "गोळीनं झालं असं मला लिहिता येत नाही. गोळीनं झालं नाही, असंही लिहिता येत नाही. कुणीतरी जाऊन विचारायला हवं होतं." अहवालात मात्र तक्रार आढळली नाही, हे छापून आले आहे.

९. तरी विनंती की,

(क) चौकट क्र. ४ मधील 'हरवल्या' हा शब्द काढून तेथे 'आम्ही विचारले नाही' असे लिहावे. जागा पुरते, अर्जदाराने मोजली आहे.

(ख) तसे लिहून होईपर्यंत वाटप थांबवावे.

(ग) वरील शक्य नसल्यास छत्तीस महिलांना त्या हरवल्या असल्याचा दाखला कार्यालयाच्या शिक्क्यानिशी द्यावा. सिद्धगडच्या रानात मोळी घेऊन उतरताना त्या वनरक्षकाला पहिल्या फटक्यात सापडतात, मुकादमाला पहाटे सापडतात, मतदानाच्या आदल्या दिवशी तर सगळ्यांनाच सापडतात. दाखला असल्यास दाखविता येईल.

(घ) गिरजा मुकणे यांचा पाठपुरावा आपण स्वतः करावा. अर्जदार वाट दाखवील. आपला छापील फॉर्म कोंडू यांच्यासमोर, त्यांच्याच ओट्यावर बसून, मोठ्याने वाचावा. प्रश्न क्र. ८, 'गोळी का बंद केली?', हा वगळू नये. उत्तरासाठी आपल्या फॉर्मात दीड ओळ आहे. कोंडू यांना ती पुरणार नाही, तरी कोरे कागद भरपूर आणावेत आणि परतीच्या गाडीची घाई ठेवू नये.

आपला, अद्याप नम्र,

(सही)
भगीरथ बाळ्या हिलम
दि. ९ जुलै २०२५

सोबत :
१) छत्तीस महिलांचे जबाब, सह्या व अंगठे.
२) न उघडलेले गोळ्यांचे पाकीट, नग एक.
३) गिरजा कोंडू मुकणे यांचे गोळीचे कार्ड. चार फुल्या, पुढची घरे कोरी. मूळ प्रत आहे, परत हवी आहे.