उणे एक भागिले आठ

प्रिय चोलपोनताई,

नारिनला बर्फ पडलं असेल, आणि तू अजून मोजे न घालताच हिंडत असशील, माहितीये मला! इथे बिश्केकला आपल्या वर्कशॉपात एमिलसाहेब तुझ्या खुर्चीवर खोकी ठेवतात. मी ती उचलून खाली ठेवते. रोज.

मी नवी होते तेव्हा तू म्हणाली होतीस, "अगं वेडे, या चिपला भागाकार येतच नाही. बेरीज, वजाबाकी आणि आकडे सरकवणं, संपली हिची अक्कल." आपण भागाकाराचं चिन्ह लिहिलं की ते चिपच्या भाषेत उतरवताना कंपायलर तिथे गुपचूप तू लिहिलेलं कोड जोडायचा, आणि ते बिचारं वजाबाक्या करत उत्तर काढायचं. सावकाश, पण अचूक. मी त्याला 'म्हातारीची चाल' म्हणून चिडवायचे, आणि तू हसायचीस.

असानबेककाकांच्या मेंढवाड्यातला हीटर आठवतो ना? हवी ती ऊब आणि असलेली ऊब यांतला फरक दर मिनिटाला काढायचा, आठाने भागायचा, ऊब सोडणारी झडप तेवढे दात फिरवायची; अधिक आलं तर उघडायची, उणे आलं तर मिटायची. मला मेलीला घाई! आठाने भागायचं म्हणजे चिपचा शून्य-एकात लिहिलेला आकडा तीन घरं सरकवायचा, एवढंच तर, असं म्हणून मी तुझा भागाकार काढून टाकला. अधिक आकड्यांना ते चालतं गं. पण उणे एकला आठाने भागून पूर्णांकात शून्य यायला हवं. सरकवलं की उणे एकच राहतं. मेंढवाडा एक अंश जास्त तापला, आणि झडप दर मिनिटाला एकेक दात मिटत पार बंद झाली. मग गारठा वाढला तरी आठ अंशांची तूट पडेपर्यंत ती उघडेना. अकरा कोकरं गारठून गेली.

सगळे म्हणाले, भागाकार चुकला, म्हणजे चोलपोनचाच. मी दुसऱ्या दिवशी तुझा भागाकार गुपचूप परत घातला आणि बैठकीत तोंडातून ब्र काढला नाही. तू आठवडाभर तपासत बसलीस. चूक सापडणार कशी? शेवटी म्हणालीस, "असेल बाई, माझंच काही चुकलं असेल." नोकरी सोडलीस, आणि रोटी घेऊन काकांच्या दारी माफी मागायला गेलीस. तुझी बॅग मीच उचलून दिली. लाज वाटते ताई, फार लाज वाटते.

काल एमिलसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरतेस?" पण शनिवारी मी काकांकडे जातेय, माझ्या हातची रोटी घेऊन. बस नारिनवरूनच जाते. त्यांच्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. तू दार उघडलं नाहीस तरी मी पुढे जाईन, आणि त्यांना पहिलं वाक्य हेच सांगेन, की चोलपोनताईचा भागाकार बरोबर होता.

उशिरा बोललेली, पण तुझीच,
बेगिमाय