चावी बंद असताना

अण्णा, तुमची मोटारसायकल अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. आई म्हणत होती विकून टाक, घरात आता चालवणारं कोण आहे. पण एसटी डेपोच्या पगारात तुम्ही स्वतःसाठी घेतलेली ती एकच नवी वस्तू, आणि तिच्यावरच मागे बसून तुम्ही मला गिअर टाकायला शिकवलं होतं, म्हणून मी ती ठेवली. मी तलाठी झाले हे तुम्हाला माहीत नाही. माजलगाव तालुक्यात सिंदफणेच्या काठच्या तीन गावांचा सज्जा माझ्याकडे आहे. हल्ली सरकारने पदाचं नाव बदललंय, पण लोक तलाठीच म्हणतात. बाई मोटारसायकलवर येते याचं पहिले काही महिने गावांना नवल वाटलं, मग सरलं. शनिवारी कधीकधी त्याच गाडीवर परळी, धर्मापुरी करत घाटनांदूरला आईकडे येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. एवढं सगळं गाडीने कुरकुर न करता केलं. दिवाळीनंतर मात्र ती सुरू व्हायला त्रास द्यायला लागली.

रोज चालवली की ठीक असायची. एक दिवस उभी राहिली की दुसऱ्या दिवशी सेल्फ मारताना आवाज जड यायचा, म्हाताऱ्या माणसाने गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसा. दोन दिवस उभी राहिली की नुसतं टक, टक. इंजिन फिरायचंच नाही. मग किक मारत बसायचं, दहा, पंधरा, वीस. पोटरी दुखायला लागली की कधीतरी ती पेटायची. मी बॅटरीची टोकं उघडून पाहिली, पांढरी भुकटी जमली होती, गरम पाण्यात सोडा टाकून ती धुतली. इंजिनला जोडलेली अर्थची वायर काढून, घासून, पुन्हा घट्ट केली. तुम्ही याच क्रमाने केलं असतं. दोन दिवस बरं वाटलं आणि सोमवारी पुन्हा टक, टक.

तेव्हा मी गाडी त्याच्याकडे नेली. तुमच्या हाताखाली डेपोत वायरिंग शिकलेला, तुम्हाला वडिलांच्या जागी मानणारा तो. त्याने नोकरी सोडून माजलगावात स्वतःचं गॅरेज टाकलंय. पन्नाशीला आलाय, केस पिकलेत, मुलगी नववीत आहे. मला कधी नावाने हाक मारली नाही, कायम ताई. दिवाळीत गाडीचं सर्व्हिसिंग त्यानेच केलं होतं. त्याने सेल्फची मोटर खोलून कार्बन बदलले, नवी बॅटरी बसवली. नवी बॅटरीसुद्धा सोमवारी उतरली. मी पुन्हा गेले, तर माझ्याकडे न बघता तो पाना पुसत म्हणाला, "ताई, ही गाडी आता घाटनांदूरला नेऊन ठेवा. दुसऱ्या कुनाच्या गाडीवर जात जावा नदीकडं. लई जुनी झाली ही." मला राग आला. अण्णांचा माणूस, आणि अण्णांच्या गाडीला जुनी म्हणतो. त्याच्या बोलण्यात दुसरं काही असेल, असं तेव्हा मनात आलं नाही.

नदीकडे काय चाललं होतं ते सांगते. सिंदफणेतून वाळू चोरीला जाते, दिवसाढवळ्या. ते थांबवणं माझ्या कामात येतं. दिवाळीपर्यंत मी महिन्याला एखाददुसरं वाहन तरी पकडायचे. नंतर एकही नाही. मी पोहोचायचे तेव्हा पात्रात ताजे खड्डे असायचे, त्यांत झिरपलेलं पाणी अजून गढूळ असायचं, काठावरच्या दगडी चुलीतला निखारा लाल असायचा. माणूस एकही नाही. एकदा तर पातेल्यातला चहा वाफाळत होता. मी त्या पातेल्यापाशी उभी राहिले आणि पहिल्यांदा वाटलं, हे लोक मला बघतायत. चारी बाजूंनी ऊस, वारं नाही, पान हलत नव्हतं. मी गाडीपाशी परत आले, बटण दाबलं, आणि इंजिन एकदा कण्हून गप्प झालं. उसाकडे पाठ करून मी किती किका मारल्या ते आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीने मला थांबवलं. आत एक माणूस, इस्त्रीचे कपडे, बोलणं अगदी गोड. "मॅडम, शनिवारी आईकडं गेलता वाटतं. बरी हाय का तब्येत? गुडघे लई दुखतेत म्हनं त्येंचे." मी विचारलं, तुम्ही कोण. तो हसला. "आमी काय, तुमच्याच सज्ज्यातले. पर धर्मापुरीला देवळापाशी कावून थांबलता मॅडम, अर्धा घंटा? बाईमानसानं आसं एकटं आडबाजूला थांबू नये." काच वर गेली. अण्णा, त्या देवळाच्या सावलीत मी खरंच थांबले होते. तिथे कुणीही नव्हतं. रस्ता दोन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसतो, मागे एकही वाहन नव्हतं. तुम्ही मला लहानपणी तिथले दगडातले हत्ती मोजायला लावायचात, म्हणून थांबले होते. मी कुणालाही, आईलाही, ते सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी मी घाटनांदूरला गेले तेव्हा वाटेत चार वेळा आरशात पाहिलं. रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी होती. सहज बटण दाबलं. आता एका रात्रीतच बॅटरी उतरत होती. टक. पुन्हा दाबलं. टक. आणि मला तुमचं ते ओरडणं आठवलं. मी सतरा वर्षांची आहे, गाडी नवी आहे, मी बटण दाबून धरलंय आणि तुम्ही स्वयंपाकघरातून अर्धी भाकरी हातात घेऊन धावत येताय. "सोड बटन! सोड म्हनलं ना! ती रडायलीय आन तू तिचा गळा दाबायलीस." तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारला होता. तुम्ही मारलेला तो एकच. मी म्हटलं, नवी बॅटरी आणा मग. तुम्ही भाकरी खिशात कोंबली, खाकी पँटच्या खिशात, जिला ॲसिडने भोकं पडलेली होती, आणि खाली बसलात. "नवी आनू. ती बी उतरंल. उतरली कावून ते बग आधी. चावी बंद आसताना बी कोन खातंय का, ते बग." बारावी पास झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही करंट मोजायचं लाल-काळ्या वायरींचं मीटर दिलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

ते मीटर आईच्या पेटीत, साड्यांखाली होतं. नवे सेल घातले. आईने ओट्यावरून विचारलं, "बापासारखं काय खोलत बसलीस सकाळीच?" बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मधे मीटर जोडलं. चावी माझ्या खिशात होती. या गाडीत चावी बंद असताना आकडा शून्य यायला हवा. चाळीस मिलिअँपिअरवर गेला. थोडा वेळ स्थिर राहिला, मग एकदम उडी मारून वर गेला आणि पुन्हा खाली आला. थोड्या वेळाने परत तसंच. कुणीतरी ठरावीक वेळाने श्वास घ्यावा तसं. मी फ्यूज काढला, तरी आकडा शून्यावर येईना. म्हणजे जे काही होतं ते फ्यूजच्या आधीच, थेट बॅटरीवर जोडलेलं होतं. सीट काढली, बाजूची झाकणं काढली, टाकी उचलली. मूळ वायरिंगच्या गुंडाळीत एक नवी तांबडी वायर होती, काळ्या टेपने इतकी सफाईने झाकलेली की दिसूच नये. तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी काळी डबी. डबीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता. मी कुठे जाते, कुठे थांबते, किती वेळ थांबते, सगळं त्या डबीतून कुणाच्या तरी मोबाईलवर जात होतं. आमच्या अंगणातून, आई भाकरी थापत असतानासुद्धा.

"सापडलं का काय?" आईने विचारलं. "फ्यूज गेलाय," मी म्हटलं.

पण अण्णा, डबीपेक्षा मला त्या टेपने घाबरवलं. ती कशी गुंडाळली होती ते मी ओळखलं. अर्ध्यावर अर्धा पदर, टोकाला दुमड, सोडवताना हाताला चिकटू नये म्हणून. ती दुमड तुमची होती, आणि तुम्ही ती एकाच माणसाला शिकवली होती.

सोमवारी गाडी किकवर सुरू करून डबीला गॅरेज दिसू नये म्हणून मी ती बरीच अलीकडे उभी केली आणि गॅरेजपर्यंत चालत गेले. तो "जयभीम ताई" म्हणाला आणि माझा चेहरा बघून उठून उभा राहिला. मी एवढंच म्हटलं, "टेपची दुमड." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "दोघं जन आलते," तो म्हणाला. "डबी संगं घिऊन आलते. मी न्हाई म्हनलो, ताई. खरंच न्हाई म्हनलो. मग तेंनी माज्या पोरीची शाळा सांगितली. कोनत्या बाकावर बसती ते सांगितलं." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. "सांगितलं की. गाडी घरी ठिवा म्हनलो, आजून कसं सांगू?" मग त्याने हात जोडले. ते हात, अण्णा, काळे, नखांत ग्रीस. "काडू नका ती. काडली की तेंना कळतंय. मग ते तुमच्याकडं न्हाई येनार, माज्याकडं येतेत." मी म्हटलं, बघते. त्याला धीर देणारं एक वाक्यही मी बोलले नाही.

मी डबी काढली नाही. जशी होती तशीच ठेवली आणि वरिष्ठ साहेबांना जाऊन सांगितलं. डबी कुणी बसवली असेल असं त्यांनी विचारलं, मी माहीत नाही म्हटलं. ठरलं ते असं. बुधवारी सकाळी मी गाडी घेऊन निघाले आणि सरळ परळीला गेले, तिथल्या स्टँडच्या पार्किंगमध्ये ती लावली आणि एसटीने माजलगावला परत आले. तिथून साहेब, पोलीस आणि मी दुसऱ्याच वाहनाने नदीच्या अलीकडच्या गावात उतरलो आणि उसातून चालत गेलो. दुपारचे दोन वाजले होते. पात्रात एक जेसीबी आणि चार टिप्पर होते, निवांत, गाणी लावलेली. काठावर एक माणूस खुर्ची टाकून मोबाईलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा मोबाईलमध्ये पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. त्याच्या मोबाईलमध्ये मी परळीत होते. तो चेहरा बघून मला आनंद झाला, हे लपवत नाही. पाचही वाहनं जप्त झाली. पंचनाम्यावर मी सही केली.

शनिवारी गॅरेजचं शटर बंद दिसलं. शेजारचा पंक्चरवाला माझ्याशी बोलायला तयार नव्हता. मी दोनदा विचारल्यावर टायर पाण्यात बुडवता बुडवता म्हणाला, "अंबाजोगाईला हाय. दवाखान्यात."

तो खाटेवर उताणा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, उशांवर ठेवलेले. बोटांची टोकं तेवढी बाहेर, सुजून निळी पडलेली. पोलिसांना त्याने सांगितलं होतं, जॅक निसटला आणि गाडी हातांवर पडली. डॉक्टर म्हणाले होते, हात जुळतील, पण बारीक काम होईल असं सांगता येत नाही. बायको पायथ्याशी बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याने हळू आवाजात सांगितलं, "मी कुनाचं नाव घेतलं न्हाई, ताई. तुमी बी घिऊ नका. पोरीला मामाकडं धाडलंय." मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठली. "तुमी जावा आता. इथं थांबू नका. भायेर बाकड्यावर बसलंय ते मानूस सकाळपासून हिकडंच बघायलंय." मी बाहेर आले. बाकावर एक तरुण बसला होता, मांडीवर मोबाईल. मी जिन्याकडे वळले तसा तो उठला. पायऱ्या उतरताना मागे त्याच्या चपलांचा आवाज येत होता. फाटकापर्यंत आला, मग थांबला.

आईला मी मावशीकडे लातूरला नेऊन ठेवलंय. गुडघ्यांचा इलाज चांगला होतो तिथे, असं सांगितलंय. डबी पोलिसांकडे जमा आहे. जबाबात त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कुणावर संशय आहे का. त्याने नको म्हटलंय म्हणून मी नाही म्हणाले, आणि त्यामुळे ज्यांनी त्याचे हात मोडले तेही सुटले. उद्या पुन्हा बोलावलंय. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्ही काय म्हणाला असता याची मला भीती वाटते.

मी स्वतःला सांगत आलेय, की धाड टाकायच्या आधी त्याला सावध करायला वेळ नव्हता. वेळ होता, अण्णा. परळीच्या स्टँडवर मी एसटीची वाट बघत पाऊण तास बसले होते, फोन हातात होता, त्याचा नंबर समोर उघडा होता. पोरीला घेऊन चार दिवस कुठे तरी जा, एवढंच सांगायचं होतं. मी लावला नाही. मला वाटलं, तो त्यांना सांगेल.