काळा पडदा आणि एक शुद्धिपत्र

९ ऑगस्ट, सकाळ

चिरंजीव धाकोबा यांस,
दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता क्षेम आहोत. केवळ संगणकाच्या पडद्याने परवा सायंकाळी डोळे मिटले, म्हणून हे पत्र स्वहस्ते लिहीत आहे. सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस.

सविस्तर वृत्तांत असा. छापखान्यात तू ज्यावर अक्षरजुळणी करायचास, तो संगणक मी घरी आणला आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यावर लिनक्स नामक प्रणालीची यथासांग प्रतिष्ठापना केली. तुझ्या जुन्या फायलींना धक्का लावला नाही. "जीर्ण यंत्रास संजीवनी देत आहे," असे मी तुझ्या वहिनीस म्हटले. ती म्हणाली, "आधी स्वतःच्या गुडघ्यांना द्या."

प्रथमदर्शन झाले ते निबिड अंधाराचे. मी मोबाइलवरून इंटरनेटवरील लिनक्सप्रेमींच्या मंडळात तीन परिच्छेदांचे विनंतिपत्र सादर केले. 'पेंग्विनकाका' नामक सद्गृहस्थांचे उत्तर आले : "अहो, निबंध छान आहे. ग्राफिक्स कार्ड कोणतं तेवढं सांगा!" सांगितले. मग त्यांनी यंत्र सुरू होतानाच्या ओळीत 'नोमोडसेट' हा मंत्र जोडायला लावला आणि पडदा उजळला. मात्र अक्षरे बसकी, धूसर आणि जलोदर झाल्यासारखी. मी म्हटले, हरकत नाही, आमचेही तसेच चालले आहे.

आपली ती तपासणीची पद्धत आठवते? मी मोठ्याने वाचायचो, विरामचिन्हांसकट. तू पडद्यावर बोट फिरवायचास. ती सवय जेवणाच्या पाटापर्यंत आली होती. वहिनी विचारायची, "आणखी वाढू, प्रश्नचिन्ह?" आणि तू म्हणायचास, "अर्धं, स्वल्पविराम, बास, पूर्णविराम." हल्ली मी एकटाच वाचतो. ऐकणारे कोणी नसले की माणूस स्वल्पविराम गिळू लागतो.

असो. पत्र लांबते आहे, कारण मुद्दा टळतो आहे.

यंत्रास संजीवनी हे निमित्त होते. मला एकच फाईल पाहायची होती : बाबांच्या स्मरणिकेच्या अंतिम मुद्रिताची, तू स्कॅन करून ठेवलेली प्रत. तीच स्मरणिका, जिच्यात बाबांचा जन्म माझ्यानंतर अकरा वर्षांनी झाला. भर सभेत नातलग हसले, आणि मी ध्वनिक्षेपकावरून म्हणालो, "धाकट्याला काम सांगितलं की असंच होतं." तू एवढेच म्हणालास, "दादा, शेवटची सही तुझी आहे." मी म्हटले, "माझी सही चुकीखाली असूच शकत नाही." दुसऱ्या दिवशी तू छापखान्याची किल्ली ठेवून गेलास.

परवा ते पान उघडले. वाचता येईना म्हणून मोठे केले, तर पडद्यात एका वेळी तुकडाच मावेना. आधी बाबांची हनुवटी आली, मग तो सन. शेजारी समासात तुझी पेन्सिल : "दादा, हा आकडा नक्की बघ." आणि त्याखाली तांबड्या शाईत, ऐटदार मात्रेसह, "छापावे", आणि माझी सही.

मी ते पूर्ण पान एका नजरेत पाहावे म्हणून पडद्याचे मोजमाप वाढवले. प्रतिमा थरथरली, एक चौकट उमटली. यंत्र काहीतरी विचारत होते. न वाचता मी 'ठेवा' दाबले, आणि काळोख झाला. त्या काळोखात आठवले : स्मरणिकेवर सही करतानाही मी असाच घाईत होतो. तुझी पेन्सिल मी वाचलीच नव्हती.

पेंग्विनकाका म्हणतात, एक छोटी फाईल पुसली की पडदा पूर्ववत होईल. ते मी करीन. तेव्हा हे पत्र दुरुस्तीचे आमंत्रण समजू नये.

सोबत एक शुद्धिपत्र जोडले आहे. त्यात बाबांचा खरा जन्मसन आहे, आणि खाली : "ही चूक थोरल्याची. धाकट्याने वेळीच दाखवली होती. थोरल्याने ती न वाचता छापली आणि सर्वांदेखत त्याच्या माथी मारली." त्या सभेला आलेल्या प्रत्येक घरी ते हस्तलिखितच काल रवाना झाले. तुझी अनुमती मागितली नाही. मागितली असती, तर तू नको म्हणाला असतास आणि मी सुखाने ऐकले असते.

उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

तुझा, सहा वर्षे उशिरा खरे बोललेला,
दादा