पुनर्वितरणातला 'पुनर्'

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुमची कंबर काय म्हणते? मामींचा चष्मा सापडला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

आमच्या वाचनालयातले सहा संगणक म्हातारे होऊन बसले होते, त्यांच्यावर मी लिनक्स चढवलं (विंडोजसारखंच, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर). ते मोफत असतं आणि कुणालाही खुशाल वाटता येतं. संगणक टुणटुणीत झाले, फक्त प्रिंटर रुसला. त्याला त्याच्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा म्हणा). तोही कंपनीच्या साइटवर फुकटच मिळाला. मग माझ्या अंगात आलं. लिनक्स आणि ड्रायव्हर एकत्र घालून मी चाळीस डीव्हीडी केल्या आणि सभासदांना वाटल्या. निवृत्त पोस्टमास्तरबाईंनी (त्यांच्याकडे त्याच कंपनीचा प्रिंटर आहे) परदेशातल्या मुलाला घरच्या घरी पहिलं पत्र छापलं तेव्हा त्या रडल्या, आणि मीही.

पण आमच्याकडे एक सभासद आहेत, जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेले. सगळे त्यांना काना-मात्रा म्हणतात. जगात कुणी वाचत नाही तो ड्रायव्हरचा परवाना त्यांनी कंपनीच्या साइटवरून छापून घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि समासात पेन्सिलीनं मराठी करून माझ्या टेबलावर ठेवला: 'लेखी परवानगीशिवाय पुनर्वितरणास मनाई.' मी म्हटलं, पुनर्वितरण म्हणजे पुन्हा वितरण, आणि मी तर प्रत्येकाला एकदाच दिली! (मामा, हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो.) ते शांतपणे म्हणाले, "पहिलं वितरण कंपनीनं तुम्हाला केलं. तुम्ही केलंत ते पुनर्."

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांना मुळातच संगणकांच्या जागी सोफा हवा आहे. येत्या शुक्रवारी समिती बसणार, आणि तोवर हे निस्तरलं नाही तर सहाही संगणक भंगारात. म्हणून आठवडाभर मी दारोदार डीव्हीडी गोळा करत हिंडलो. एक कबुतरं हाकलायला बाल्कनीत टांगलेली होती, एक दुधाच्या पातेल्यावर झाकण झालेली. पोस्टमास्तरबाईंनी मात्र दार अर्धंच उघडलं. "अहो, आत्ता कुठे पोराला पत्रं जायला लागलीत. नाही देणार मी." मी हात हलवत परत आलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मधल्या काळात मी कंपनीकडे लेखी परवानगी मागितली होती, काल त्यांचं उत्तर आलं. खुशाल वाटा म्हणतात, पण दोन अटी: परवाना जसाच्या तसा डीव्हीडीत हवा, आणि संस्थेच्या कायदा सल्लागाराची अर्जावर सही हवी. परवाना मी काढून टाकला होता (माझ्या प्रस्तावनेला जागा पुरेना). तो परत घालतो आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा
(ग्रंथपाल, अजून तरी)

ता. क. आमचे कायदा सल्लागार तुम्ही आहात. प्रस्तावनेत तुमचं नाव आधीच छापलंय, सांगायचं राहून गेलं. अर्ज सोबत आहे, सही खाली उजवीकडे.

ता. क. २. तुम्हाला दिलेली डीव्हीडीही पाठवा. काना-मात्रा म्हणतात, तुम्ही ती मला देणं हेही पुनर्वितरणच. तेव्हा आधी सही, मग पोस्ट.

ता. क. ३. आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर मी घाबरून परवाच काढून टाकला. हे पत्र पोस्टमास्तरबाईंकडे छापलं आहे. त्यांनी ते वाचलं, आणि त्या म्हणतात, मामांना सांगा, सहीचा अर्ज गुरुवारच्या आत पोचला पाहिजे.