देणाऱ्यांची वही

४ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला म्हणून फुगून बसू नकोस. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला वेळच वेळ असतो असं ज्याला वाटतं, त्याने इथे येऊन मोरीची तुंबलेली नळी काढून दाखवावी. मी काढली. दोन दिवस कमरेत लचक घेऊन हिंडत होते.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात मोजणीवाले येऊन गेले. सगळ्या घरांची नव्याने नोंद व्हायची आहे आणि दारावर नोटीस डकवली आहे: घर कोणाचं त्याचा कागद तीन महिन्यांत दाखवा, ज्याचा कागद त्याचंच नाव लागेल. आजोबांनी हे घर आपल्या दोघांना अर्धं-अर्धं लिहून दिलं, हे ह्या भिंतींनासुद्धा ठाऊक आहे. पण भिंतींची साक्ष चालत नाही, असं तो मोजणीवाला मला ऐकवून गेला. मी इथे जन्मले, आई-आप्पांचं शेवटचं सगळं इथेच केलं, आता माझी उरलेली वर्षंही ह्याच चार खोल्यांत काढायची आहेत. त्यामुळे आजोबांचा तो कागद मला हवाच. नोंदणी कार्यालयात जाऊन नक्कल काढणार आहे.

खरं सांगू, जायची मला हौसच आहे. आप्पांनी सगळा जन्म लोकांची खरेदीखतं नि मृत्युपत्रं लिहिण्यात घालवला, ती सगळी तिथेच असणार. आठवतं ना, बाहेरच्या खोलीत पक्षकार बसलेले असायचे आणि साक्षीदार कमी पडला की आप्पा आतून मला हाक मारायचे? हातातलं पीठ पुसून यायचं, आप्पांचं बोट जिथे असेल तिथे सही करायची आणि परत पोळपाटाशी. अठरा पूर्ण झाल्यापासून मी गावाची कायमची साक्षीदार. तू अठराचा झाल्यावर तुलाही जुंपलं, पण तू सही करताना जीभ बाहेर काढायचास. आईला मी एका उन्हाळ्यात रद्दी कागदांच्या पाठीवर सही शिकवली होती, बाकी अक्षरं नकोत म्हणाली, नावापुरतं पुरे. ती सही पुढे कुठे लागली कोण जाणे.

सर्वांना आठवण. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायला सवड झाली तर वाढव.

तुझी ताई

*

१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मोरी काढायला तू काय प्लंबर आहेस? एखादा माणूस बोलवायचा की.

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. तिथली माणसं दहा चकरा मारायला लावतात आणि शेवटी जेवणाची सुट्टी झाली म्हणतात. ते काम माझ्यावर सोड. मोजणीवाल्यांना कागद मी इथूनच पाठवतो, माझ्याकडे आप्पांचं एक पाकीट आहे, त्यात सगळं आहे. तू उगाच कोणाशी बोलत बसू नकोस. त्यापेक्षा दोन महिने इथे ये. तुझी भावजय म्हणते, गॅलरीलगतची खोली रिकामीच आहे.

चिमीला नोकरी लागली. पहिल्या पगारातून आत्याला काय घ्यायचं म्हणून माझं डोकं खातेय. तिच्या दादाचं दुकान अजून कागदावरच आहे, जागा मिळत नाही.

पाकिटाची काळजी करू नको. लोभ करतेसच, रागावलीस तरी कर.

तुझा धाकट्या

*

२० जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच मी दोनदा जाऊन आले होते, तेव्हा आता गुडघ्यांची कीव नको. दोन्ही खेपा फुकट गेल्या, कारण मी घराच्या क्रमांकाने शोधत होते. तिथल्या दप्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, इथे घराला कोणी ओळखत नाही, माणसाच्या नावाने शोधा. दर वर्षाच्या दोन वह्या असतात म्हणे. एक घेणाऱ्यांची, एक देणाऱ्यांची. त्यात नाव सापडलं की पुढे पानाचा आकडा, मग मोठ्या बाडातून मूळ कागदाची नक्कल.

बाई म्हणजे मोठं प्रकरण आहे. खुर्चीवर स्वतःची उशी, टेबलावर ओला स्पंज. बोटाला थुंकी लावून पान उलटलंत तर बाहेर काढीन, हे पहिलं वाक्य. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला एकाही हेडमास्तरने असं दटावलं नव्हतं. पण मी आप्पांची मुलगी म्हटल्यावर उठल्या, शिडी लावली आणि वरचं बाड स्वतः उतरवलं. म्हणाल्या, तुमच्या वडिलांचं अक्षर आलं की आमचा डोळा विसावतो.

आणि सापडलं रे! घेणाऱ्यांच्या वहीत, ओळीने तू आणि मी. आजोबांचं बक्षीसपत्र, दोन्ही नातवंडांना समसमान. तू तेव्हा तीन वर्षांचा, सज्ञान नव्हतास, म्हणून नावापुढे 'अज्ञान' लिहिलंय. वाचून मी एकटीच हसले. कायद्याने तुला तेव्हाच ओळखलं होतं.

नक्कल मात्र सोमवारी मिळेल. बाई म्हणतात, मिळालेलं कळलं, आता ते पुढे कोणाला दिलंय का तेही बघायला हवं, देणाऱ्यांच्या वह्या पाहिल्याशिवाय शिक्का नाही. मी म्हटलं, बाई, मी जन्मात कोणाला गृहपाठाचे वाढीव दोन मार्क दिले नाहीत, घर कुठलं देतेय. पण नियम म्हणजे नियम. तुझ्या पाकिटाचा त्रास वाचला बघ.

लोभ कमी असेल तर कळव, इथे शिल्लक आहे.

तुझी ताई

*

२४ जून

ती. ताईस सा. न.

घाईत लिहितो. सोमवारी जाऊ नकोस. मी पुढच्या आठवड्यात रजा काढून येतो, मग आपण दोघं मिळून जाऊ. काही गोष्टी समोर बसून बोलायच्या आहेत. तोवर थांब, एवढं माझं ऐक.

धाकट्या

*

२६ जून

धाकट्या,

'चिरंजीव' लिहायला हात उठला नाही. तुझं थांब म्हणणारं पत्र आज दुपारी आलं, मी सोमवारी सकाळीच जाऊन आले होते.

मी सत्तावीस वर्षांची होते त्या सालची देणाऱ्यांची वही. माझं नाव. बाईंनी पानाचा आकडा वाचला, बाड काढलं, आणि मग माझ्याकडे न बघता खिडकी उघडायला गेल्या. कागद आप्पांच्या अक्षरात आहे, 'श्री'ला ते काढायचे तो मोठा फाटा सुद्धा आहे. मी माझा अर्धा हिस्सा माझ्या भावाला, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, त्याच्यावरील प्रेमापोटी, कायमचा सोडून देत आहे. खाली 'लिहून देणार' आणि त्यासमोर माझी सही. अगदी नीट, वळणदार. मी तेव्हा चांगल्या मनाने सही केली असणार.

त्या दिवशी ह्याच कार्यालयात एका शेजाऱ्याचंही काम होतं. आप्पा म्हणाले, दोन कागद आहेत, दोन्हीवर कर. त्यांचं बोट होतं तिथे केली. नोंदणीच्या साहेबांनी सगळ्यांना मिळून एकदाच विचारलं, मंजूर ना, आणि आम्ही माना हलवल्या. जन्मभर पोरांना सांगत आले, आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला. माझ्याइतकी मूर्ख मास्तरीण शोधून सापडायची नाही.

आप्पांचं एक वेळ समजू शकते. मुलगी आज ना उद्या सासरी जाईल, घरात जावई वाटेकरी नको, असा त्यांचा हिशेब असेल. मी गेले नाही, तेव्हा तरी तो कागद फाडायचा होता. बारा वर्षं माझ्या हातचं खाल्लं, शेवटी मी भरवलं, पण बोलले नाहीत.

पण खरं सांगते, मला बसवेना ते दुसऱ्या साक्षीदाराने. एक तो शेजारी. आणि त्याच्याखाली आईची सही आहे. थरथरती, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं, मी शिकवली तशीच. आता आठवतं, ती त्या दिवशी आमच्याबरोबर आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. मला वाटलं, सही दाखवायची हौस आहे. मी तिथल्या लोकांना कौतुकाने सांगत होते, माझ्या आईने केली हो, मी शिकवली. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिला त्याचसाठी शिकायची होती, धाकट्या. नावापुरतीच.

तुला हे ठाऊक होतं का? पाकिटात हेच आहे ना? हो किंवा नाही, एवढंच लिही.

ताई

*

८ जुलै

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

हो.

लग्नानंतर आप्पांनी पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाले, ताईला दाखवू नकोस, तिला लागेल. मी उघडलं तेव्हा मलाही लाज वाटली. दर वेळी तिकडे आलो की सांगायचं ठरवायचो, आणि तू मला आवडतं ते रांधून वाढलेलं असायचंस, मग राहून जायचं. कागद काहीही म्हणो, मी मनाने घर कायम आपल्या दोघांचंच मानलं.

पण लपवत नाही. चिमीच्या दादाला दुकानासाठी जागा घ्यायची आहे आणि गेल्या वर्षअखेर मी घर विकायचा शब्द देऊन बसलोय. तेव्हा नोटीस-बिटीस काही नव्हतं. घेणाऱ्याला फक्त तुझं एक संमतीपत्र हवं आहे, की तू तिथे राहतेस पण तुझा हक्क नाही. सोबत पाठवलं आहे. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. गॅलरीलगतच्या खोलीला नवीन रंग काढतोय, तुला हवा तो सांग. तू आमच्यात आलीस तर मला दुसरं काही नको.

माफ कर असं लिहायचीही लायकी उरली नाही, तरी लिहितो.

तुझा धाकट्या

*

१५ जुलै

धाकट्या,

संमतीपत्र सोबत परत पाठवते आहे. पूर्ण वाचलं, दोनदा. आयुष्यात सही करण्याआधी वाचलेला हा माझा पहिला कागद. त्यामुळे सही केली नाही. तुझी फुली खोडरबरने पुसली आहे.

वकिलाकडे जाऊन आले. ते म्हणाले, लिहिणारा गेला, साक्षीदार गेले, सही तुमची तुम्हीच कबूल करता, इतक्या वर्षांनी कोर्टात टिकायचं नाही. तेव्हा माझ्या सहीविना तुझं काम अडेल ते थोडे दिवसच. कोणी हात धरून बाहेर काढायच्या आधी मी आपण होऊन निघेन. शिंप्याच्या दुकानावर एक खोली भाड्याने मिळाली आहे. रंग तुला आवडेल तो काढ.

मला आता पत्र लिहू नकोस. लोभाचं जे काही होतं, ते प्रेमापोटी आणि स्वखुशीने तुला आधीच देऊन झालंय.

ताई

*

३ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझा नवा पत्ता आईच्या वहीतून चोरून घेतला. बाबा म्हणतात, आत्याने आपल्या मर्जीने घर सोडलं, तिला एकटीला ते मोठं पडत होतं. मग तू आमच्याकडे का आली नाहीस? गॅलरीतल्या खोलीला पिवळा रंग दिलाय, मी निवडला. तुझ्यासाठी पहिल्या पगारातून घेतलेली शाल कपाटात पडून आहे.

इकडे दादाच्या दुकानाची गडबड चालू आहे. तुमच्या घराचा व्यवहार कशाला तरी अडलाय म्हणून बाबा चिडलेले असतात. मंगळवारी ते मला आणि आईला एका कार्यालयात घेऊन गेले. आजोळहून मला आणि दादाला मिळालेल्या जागेचं काहीतरी काम होतं, बाबा म्हणाले, नुसती सही हवीय. मला ऑफिसला उशीर होत होता, पेन्सिलने खूण केलेली होती तिथे करून टाकली. आईनेही कुठेतरी केली. येताना रिक्षात ती गप्पच होती, मी विचारलं तर म्हणाली डोकं दुखतंय. तू अशा कागदांतली जाणकार, म्हणून सहज विचारते, ते काय असेल?

शाल पोस्टाने पाठवू की न्यायला येतेस? लोभ कर, म्हणजे मी शाल पिशवीत भरून स्वतःच येते.

तुझी चिमी

*

९ ऑगस्ट

चि. चिमीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

शाल घेऊन तू स्वतः ये. खोली लहान आहे, खालून दिवसभर शिलाई मशीनची घरघर असते, पण दोघींना जागा होईल.

यायच्या आधी एक काम कर. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढ आणि त्या कार्यालयात एकटी जा. आईला बरोबर नेऊ नकोस आणि बाबांना आत्ताच काही विचारू नकोस. तिथे घराच्या, जागेच्या नावाने शोधत बसलीस तर माझ्यासारख्या दोन खेपा फुकट जातील. दप्तर सांभाळणारं जे कोणी असेल त्याला नमस्कार कर, बोटाला थुंकी लावू नकोस, आणि ह्या वर्षाची वही माग. घेणाऱ्यांची नव्हे. देणाऱ्यांची.

त्यात तुझं नाव शोध. सापडलं तर मूळ कागद काढून पहिल्या शब्दापासून वाच, आणि अगदी खाली, साक्षीदार म्हणून कोणाची सही आहे, तेही बघून घे.

तुझी आत्या