बावीस सेंटिमीटरचा बांगडा

२ सप्टेंबर, सोमवार

आईने आज बाजारातून आल्या आल्या पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारले, "बाकीचे मासे टोपलीत लहानमोठे असतात. बांगडे मात्र एका साच्यातून काढल्यासारखे. कोणी निवडून ठेवतं का गं?"

किती नेमका प्रश्न! हजारो माणसांनी ही टोपली पाहिली असेल. विचारले किती जणांनी?

कोणी निवडत नाही. निवड मासे स्वतःच करतात. बांगड्याला थांबता येत नाही – तोंड उघडे ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहते, थांबला की गुदमरतो. आता, जन्मभर पोहायचेच असेल तर जोडीला आपल्याच वेगाचे कोणी हवे. लांब मासा वेगाने जातो, आखूड मागे पडतो. मागे पडलेले आखूड एकमेकांना भेटतात आणि त्यांचा निराळा थवा होतो. असे रोज, अखंड. म्हणून एका जाळ्यात येतात ते जवळजवळ एकाच लांबीचे.

आई म्हणाली, "म्हणजे शाळेतल्या तुकड्या. कळलं. आता व्याख्यान आवर आणि सुरी घे."

ज्यासाठी मला मच्छीमारांच्या सभेत सहा चित्रे दाखवावी लागतात, ते तिने एका शब्दात उरकले.

४ सप्टेंबर

नव्या नियमाचा पहिला हंगाम सुरू झाला. बावीस सेंटिमीटरपेक्षा आखूड बांगडा धरायचा नाही. शेकडा दहापर्यंत सूट. एका नौकेला दिवसाला चाळीस क्रेट, त्यापुढे नाही.

बावीस हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तीन वर्षे, दोन हजार एकशे चाळीस मासे – प्रत्येक मोजला, प्रत्येक चिरला, त्याची वीण झाली आहे की नाही ते पाहिले. बावीसला पोचेपर्यंत निम्म्या माशांची एकदा वीण झालेली असते. नियम एका वाक्यात सांगायचा तर – आधी त्याचा वंश पुढे जाऊ द्या, मग त्याला धरा.

पण इथे आईचा प्रश्न आडवा येतो. थवाच एका मापाचा असल्याने शेकडा दहाची सूट कागदावरच राहते. जाळे एक तर सगळे कायदेशीर, नाही तर सगळे बेकायदा. आणि जाळे आवळल्यावर मासे सोडले तरी गर्दीत घुसमटलेला बांगडा बहुधा जगत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे वागायचे तर नौका चालवणाऱ्या तांडेलाला जाळे टाकण्याआधीच पाण्यातल्या माशाची लांबी ठाऊक हवी.

हे मी नियम लिहिताना पुरते ध्यानात घेतले होते का? नव्हते.

९ सप्टेंबर, सोमवार

आज 'मौनी' तांडेलांच्या नौकेवर गेले होते. धक्क्यावर सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. दिवसाला दहा वाक्ये बोलले तर खलाशी तारीख लिहून ठेवतात म्हणे.

पाण्यावर थवा दिसला. नौका थांबली. जाळे नाही – आधी त्यांनी एक बारीक दोरी सोडली, तिला पाच गळ, गळांना चमकदार दोऱ्याचे तुकडे. पाच बांगडे वर आले. आकडे कोरलेल्या फळीवर ठेवून एकेक मोजला. मग पाचही पाण्यात.

"लहान आहेत."

दुसरा थवा. पुन्हा पाच. पुन्हा "लहान आहेत." इंजिनाजवळचा खलाशी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटला, "आज माशांचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आहे. पसंत पडेपर्यंत पोहे खा."

तिसरा थवा बावीसच्या किंचित वर भरला. तेव्हा कुठे जाळे गेले. चाळीस क्रेट भरल्याबरोबर जाळे गुंडाळले. पाणी अजून माशांनी उकळत होते, कोणी मान वळवूनही पाहिले नाही.

मी विचारले, ही पाच गळांची युक्ती कोणाची? त्यांनी आधी पाचही गळ दोरीला गुंडाळले. मग – "तुमच्याच भाषणात होतं. मोजा म्हणालात. जाळं टाकून झाल्यावर मोजा, असं नव्हतात म्हणाला."

तीन वर्षांत मला न सुटलेला प्रश्न या माणसाने एका दोरीने सोडवला. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना नमस्कार करत होते.

१६ सप्टेंबर

मौनींची नौका धक्क्याला बांधली. आखूड माशांबद्दल तिसरा ठपका. माझा विश्वास बसत नाही.

१७ सप्टेंबर

सकाळी कार्यालयात जाऊन नोंदवही पाहिली. आधीचे दोन ठपके गेल्या आठवड्यातले. मला कोणी कळवले नव्हते. तिसऱ्यानंतर सुनावणी, आणि सुनावणीत परवाना साऱ्या हंगामापुरता रद्द. तारीख – सत्तावीस.

मोजणी केली ती आमच्या मोजणीदाराने. धक्का त्याला 'फूटपट्टी' म्हणतो. त्याच्यावर संशय घ्यावा तर तो कोणाच्या हातचा चहासुद्धा घेत नाही. अक्षर छापल्यासारखे. शंभर माशांपैकी एकोणनव्वद आखूड. बहुतेक एकवीस पूर्णांक चार.

तिकडे मौनी एवढेच म्हणाले, "मी मोजलं होतं."

दोन प्रामाणिक माणसे, एकच मासा, दोन आकडे.

साहेबांना सांगितले, तर ते म्हणाले, "अहो, नियम चालायला लागला की कोणाच्या तरी पायावर पाय पडणारच. तुमचंच बाळ आहे, कौतुक करा."

२० सप्टेंबर

पुरावा म्हणून ते शंभर मासे शीतगृहात मोहोरबंद ठेवले आहेत. प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी. माझी अटकळ अशी की बर्फात मासा थोडा आकसतो. समुद्रावर बावीस, धक्क्यावर कमी. तेव्हा आज रीतसर परवानगी घेऊन सगळे पुन्हा मोजले. चार दिवसांत आणखी आकसले असतील अशी अपेक्षा होती.

क्रमांक एक. नोंदवहीत २१.४. माझ्या फळीवर २२.१.

क्रमांक दोन. २१.३. माझ्याकडे २२.०.

शंभरही मासे मोजले. सरासरी सात मिलिमीटर जास्त!

मेलेला मासा बर्फात वाढत नाही. फळी तपासली – कार्यालयातल्या प्रमाणित पितळी पट्टीशी तंतोतंत जुळते. त्याची फळी मागवली – तीही जुळते. पुन्हा मोजले. तेच.

खरे सांगायचे तर दुपारभर मी आनंदात होते. असे कोडे वर्षानुवर्षे हाती लागत नाही. पाच वाजता बाहेर आले तर दाराशी बाकावर मौनींची बायको बसलेली – सगळा धक्का त्यांना वहिनी म्हणतो. सकाळपासून बसल्या होत्या. माझा आनंद तिथेच जिरला.

२१ सप्टेंबर

पुन्हा मोजले. सात मिलिमीटर.

२३ सप्टेंबर, सोमवार

वहिनींना आज आत बोलावले. मासे त्यांचेच, बघायचा हक्क आहे.

"घरी काय चाललंय?" मी विचारले.

"काय चालणार? चांगलं जाळं उसवतात आणि परत विणतात. मी म्हटलं, एवढं मन लागत नसेल तर माझी चादर विणा. तर ती पण उसवायला घेतली."

असे म्हणून त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मोजत होते, त्या पाहत होत्या. सात-आठ माशांनंतर सहज म्हणाल्या, "तुमची पद्धत आमच्या यांच्यासारखी आहे. त्या फूटपट्टीची नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही शेपूट मिटवता. तो नाही मिटवत."

मी हाताकडे पाहिले. अंगठा आणि तर्जनी. शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवलेली. वीस वर्षांपूर्वी माझ्या गुरूंनी शिकवले तसे – आणि तेव्हापासून हाताने हे कधी मला विचारून केलेले नाही.

फूटपट्टीला बोलावले. काही न सांगता एक मासा पुढे केला. त्याने नाक टोकाला टेकवले, शेपटी होती तशी पसरलेली ठेवली, वाचले – एकवीस पूर्णांक चार. मग मी चिमूट लावली. बावीस पूर्णांक एक.

पसरलेला पंखा मिटला की त्याचे टोक पुढे जाते. एवढेच! शाळकरी भूमिती.

नियमाचा कागद काढला. 'एकूण लांबी बावीस सेंटिमीटर.' पुढे काही नाही. हे वाक्य मी लिहिले. माझे दोन हजार एकशे चाळीस मासे शेपटी मिटवून मोजलेले. बावीस हा आकडा मिटलेल्या शेपटीचा. मी आकडा दिला, चिमूट दिली नाही. भाषणात मात्र मासा हातात धरून दाखवला होता. मौनींनी माझे शब्द नव्हे, माझे हात पाहिले होते.

इतरांनी धास्तीने मोठेच थवे धरले, म्हणून ते एकदोन ठपक्यांवर सुटले. ज्याने रेषेवर विश्वास ठेवून नेमके मोजले, तोच नेमका अडकला.

फूटपट्टीचा चेहरा उतरला. "मॅडम, मला कोणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं नाही," मी म्हणाले.

 वहिनी शंभर मासे क्रमाने परत लावायला मला मदत करू लागल्या. एकही चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही.

२४ सप्टेंबर

साहेब म्हणतात, "'मोजमापातील तांत्रिक तफावत' असं लिहू. त्यांची बोट सुटेल, तुमचं नाव येणार नाही. तुम्ही चूक कबूल केलीत तर अकरा बोटींवरचे सगळे ठपके पुसावे लागतील, आणि नियमाला टपलेले लोक नियमच उडवतील. तीन वर्षं पाण्यात. विचार करा."

ते खोटे बोलत नाहीत. नियम खरोखरच उडेल. आणि मासा तर आखूडच धरला जाईल.

पण 'तफावत' म्हटले की दोष दोघांत वाटला जातो; अर्धा मौनींच्या पदरी येतो. ठपका पुसट होतो, पुसला जात नाही. उरलेल्या दहा नौकांचे तर नावच निघणार नाही.

२५ सप्टेंबर

आईला सगळे सांगितले. तिने विचारले, "मग लिहिलंस का पत्र?" मी म्हणाले, अजून नाही. "मग मला कशाला सांगतेस? मी काय सुनावणी घेते?"

पत्र लिहिले. एक पान. 'तफावत' हा शब्द त्यात नाही.

२७ सप्टेंबर

सुनावणी. पत्र वाचून दाखवले. मौनी सुटले, अकराही नौकांचे ठपके रद्द. त्यानंतर, साहेब म्हणाले होते तसेच – लांबीचा नियम पुढच्या हंगामापर्यंत स्थगित. टाळ्या वाजल्या. बाहेर येताना मौनी दाराशी थांबले, मला आधी जाऊ दिले.

३० सप्टेंबर, सोमवार

आजपासून लांबीचा कायदा नाही. कोणी काहीही धरावे.

दहा वाजता वहिनी आल्या. "मोजायची रीत कागदावर लिहून द्या. सात बोटींनी मागितली आहे. आमची धरून आठ."

लिहून दिली –

एक बांगडा पट्टीवर आडवा ठेवा. नाक शून्यावर टेकवा. शेपटी आहे तशी राहू द्या, आकडा वाचा. आता शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवा, पुन्हा वाचा. दुसरा आकडा धरायचा. तो बावीसच्या आत असेल, तर थवा जाऊ द्या.